बातमीचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. सातारा जिल्ह्यात मात्र नदीचं मूळ डोळ्यांनी पाहता येतं. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची धार पडते. ओंजळीत मावेल एवढी ती धार म्हणजे कृष्णा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. तीच कृष्णा वाई आणि कराड ओलांडून सांगलीला पोहोचते, आणि ऑगस्ट २०१९ सारख्या एखाद्या पावसाळ्यात सांगलीच्या पेठा पाण्याखाली घेते.

बातमीही अशीच वाढते. मंत्र्याचं खातं जातं, कारखान्याची चौकशी लागते, दवाखान्याला टाळं पडतं. मागं मागं जावं तर कुठंतरी एका माणसानं एका पत्रकाराला हळू आवाजात सांगितलेलं एक वाक्य सापडतं. छापील बातमीत त्या माणसाला नाव नसतं. ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ एवढ्या तीन शब्दांत तो मावतो. या सूत्राचं नाव सांगायला न्यायालय पत्रकाराला भाग पाडू शकतं का? उत्तर शोधायला गेलो आणि कायद्याच्या पुस्तकात अशी एक गोष्ट सापडली की अजून तिचं नवल ओसरलेलं नाही. तिच्याकडे जाण्याआधी घरातलं वर्तमानपत्र हातात घ्या.

शेवटच्या पानाचा तळ पाहा. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. हे पत्र अमुक मालकांसाठी अमुक मुद्रक-प्रकाशकांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावरून प्रसिद्ध केले, संपादक अमुक, कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांच्यावर. राशिभविष्य वाचणारा माणूसही ही ओळ वाचत नाही. पण सगळ्या अंकात कायद्याच्या दृष्टीनं सर्वांत वजनदार ओळ हीच. १८६७ च्या कायद्यानं मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं केलं, पुढं संपादकाचंही नाव आलं. १ मार्च २०२४ पासून त्या जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्यानं घेतली, तरी तत्त्व तेच राहिलं. छापलेल्या प्रत्येक शब्दासाठी एक माणूस नाव-पत्त्यासह उभा असला पाहिजे. बदनामी झाली, खोटं छापलं, तर त्याला धरा.

म्हणजे वर्तमानपत्रात एक नाव झाकलेलं असतं आणि एक नाव उघडं असतं. झाकलेल्या नावाची जोखीम उघडं नाव अंगावर घेतं. याची किंमत किती असू शकते, हे सातारा जिल्ह्यातल्याच एका माणसानं जवळपास दीडशे वर्षांपूर्वी मोजून दाखवलं.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ चा, कराडजवळ कृष्णेकाठच्या टेंभू गावातला. आज टेंभू म्हटलं की सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाणी आठवतं. तिथून उपसलेलं कृष्णेचं पाणी खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या कोरड्या शिवारात जातं. त्या गावचा हा गरीब घरचा मुलगा १८८१ मध्ये ‘केसरी’चा पहिला संपादक झाला. ‘मराठा’ टिळकांकडे होता. वर्षभरातच दोघांवर खटला उभा राहिला. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ चालला आहे आणि त्यामागं दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला होता. आधार होता हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली. न्यायालयात ती पत्रं बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि सूट मिळून १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढं पुस्तक लिहिलं.

याच खटल्यात जामिनाची वेळ आली तेव्हा धावून आले जोतीराव फुले. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे पुन्हा सातारा जिल्हाच. या संपादकांशी त्यांचे मतभेद होते. तरी त्यांनी आपले स्नेही रामशेट उरवणे यांच्यामार्फत जामिनाची सोय केली.

या खटल्याकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो, कारण आपल्या विषयातली सगळ्यांत अवघड गाठ त्यात आहे. सूत्र खोटं बोलू शकतं. कागद बनावट असू शकतो. मग पत्रकाराच्या सूत्राला संरक्षण द्यायचं कशाला? उत्तरही त्याच खटल्यात आहे. खोटं छापलं गेलं तेव्हा कायदा लंगडा पडला नाही. जबाबदार माणसं समोर होती, त्यांनी शिक्षा भोगली. ज्यानं छापलं त्यानं भोगलं, हा हिशेब पुरा व्हायला सांगणाऱ्याचं नाव लागत नाही.

आता ती नवलाची गोष्ट.

आपला पुराव्याचा कायदा १८७२ चा. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. दोन्हींत एक छोटं प्रकरण असं आहे, जिथं कायदा स्वतःच न्यायालयाला सांगतो की इथं विचारू नका. नवरा-बायको संसारात एकमेकांशी जे बोलले ते सांगायला भाग पाडता येत नाही. आता ते कलम १२८ आहे. अशिलानं वकिलाला विश्वासानं सांगितलेलं वकिलाला उघड करता येत नाही, ते कलम १३२. न्यायालयाला सत्य हवंच असतं, पण काही विश्वास इतके मोलाचे की त्यांच्यासाठी सत्यालाही उंबऱ्याबाहेर थांबवायचं, हे त्या प्रकरणाचं सार.

या दोन कलमांच्या मध्ये कलम १३१ आहे, जुन्या कायद्यातलं १२५. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे सांगायला पोलीस अधिकाऱ्याला किंवा मॅजिस्ट्रेटला भाग पाडता येणार नाही. महसुलाविरुद्धच्या गुन्ह्याची खबर कोणी दिली, हे महसूल अधिकाऱ्यालाही सांगावं लागणार नाही. म्हणजे पोलिसांचा खबऱ्या दीडशे वर्षांपासून कायद्याच्या पदराखाली आहे. याचं कारण साधं. नावं फुटू लागली तर उद्या खबर द्यायला कोण येईल?

आता समजा, वारणेकाठच्या एका गावात रात्री चोरून वाळू उपसली जाते. पात्रालगत शेत असलेला एक माणूस रोज ट्रॅक्टर मोजतो. एके दिवशी तो पोलीस ठाण्यात जाऊन सांगतो. त्याचं नाव कलम १३१ नं झाकलं. महिना जातो, काहीच होत नाही. त्याच्या लक्षात येतं की ट्रॅक्टरवाल्यांचं आणि वरच्यांचं साटंलोटं आहे. मग तो तालुक्याच्या बातमीदाराला गाठतो आणि तीच हकीकत, तेच आकडे, त्याच तारखा सांगतो. बातमी छापून येते. आता न्यायालयानं बातमीदाराला साक्षीला बोलावून विचारलं, की हे तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्याला गप्प राहण्याचा हक्क देणारं एकही कलम त्या पुस्तकात नाही.

माणूस तोच, माहिती तीच. सरकारच्या दारात सांगितली तर नाव सुरक्षित, वाचकाच्या दारात सांगितली तर उघड्यावर. आणि दुसऱ्या दारात तो जातो, ते बहुतेक वेळा पहिलं दार उघडत नाही म्हणूनच.

पत्रकारांसाठी अजिबातच तरतूद नाही असंही नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम १५(२) सांगतं की बातमीचा स्रोत उघड करायला वर्तमानपत्राला, वृत्तसंस्थेला, संपादकाला किंवा पत्रकाराला भाग पाडता येणार नाही. वाचताना बरं वाटतं. पण हे संरक्षण प्रेस कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतंच आहे. प्रेस कौन्सिलला शिक्षा करता येत नाही, फक्त समज देता येते. जिथं धोका नाही तिथं छत्री दिली आणि जिथं पाऊस पडतो त्या न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात पत्रकार उघडा. महाराष्ट्र विधिमंडळानं २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, तो चांगलाच आहे. पण तो पत्रकाराच्या अंगाला जपतो. त्याला माहिती देणाऱ्याच्या नावाबद्दल बोलत नाही.

नाव झाकलेलं राहणं का महत्त्वाचं, हे सांगली जिल्ह्याला वेगळं सांगायची गरज नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका तरुण गर्भवतीच्या मृत्यूनंतर तपास सुरू झाला आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. सगळा देश हादरला. अशा दवाखान्यात काय चाललंय हे बाहेरच्या जगाच्या आधी कोणाला कळतं? फरशी पुसणाऱ्या बाईला, रात्रपाळीच्या मुलाला, औषधं आणून देणाऱ्याला. म्हणजे ज्यांची नोकरी सगळ्यांत कच्ची, त्यांना. सरकारनंही हे ओळखलं आहे. बेकायदा गर्भलिंगनिदानाची माहिती देणाऱ्याला महाराष्ट्रात १ लाख रुपयांचं बक्षीस आहे आणि नाव गुप्त ठेवण्याची हमी आहे. नाव गुप्त राहिलं तरच तोंड उघडतं, हे शासनाला मान्य आहे.

नाव फुटल्यावर काय होतं, त्याचं एक उदाहरण देशाला पाठ आहे. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंते. झारखंडातल्या कामातला गैरव्यवहार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. न्यायालयात तो लुटीतला खून ठरला. पण नाव झाका म्हणणाऱ्या माणसाचं नाव झाकलं गेलं नव्हतं, ही बोच देशाला लागली ती लागलीच. पुढं २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला. तो आजवर अमलात आलेला नाही.

पत्रकाराच्या सूत्राला कायद्यात संरक्षण नाही, हे आपल्याकडे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं का? आलं होतं, आणि फार नेमकेपणानं आलं होतं. १९८३ मध्ये विधी आयोगानं आपला ९३ वा अहवाल याच एका विषयावर दिला. पुराव्याच्या कायद्यात १३२-अ हे नवं कलम घाला, असं आयोगानं सुचवलं. मसुदा एका वाक्याचा होता. त्याचा आशय असा, की स्रोत गुप्त ठेवू असं स्पष्ट कबूल करून किंवा तशा समजुतीनं मिळालेली माहिती ज्यानं प्रसिद्ध केली, त्याला त्या माहितीचा स्रोत सांगायला कोणत्याही न्यायालयानं भाग पाडू नये. २००३ मध्ये १८५ व्या अहवालात आयोगानं हा विषय पुन्हा हाती घेतला. मग २०२३ मध्ये संपूर्ण पुराव्याचा कायदाच नव्यानं लिहिला गेला, कलमांचे आकडे बदलले, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नवी जागा मिळाली. ते एक वाक्य मात्र आत आलं नाही.

न्यायालयं या प्रश्नाशी झुंजत आहेत. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी पेगासस या पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पत्रकारांच्या सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या मूलभूत अटींपैकी एक आहे. ते नसेल तर लोकहिताची माहिती द्यायला सूत्रं धजावणार नाहीत. त्यानंतर सव्वा वर्षानं, जानेवारी २०२३ मध्ये, दिल्लीतल्या एका न्यायालयानं सीबीआयचा तपास बंद करण्याचा अहवाल फेटाळताना स्पष्ट सांगितलं की तपास यंत्रणेला स्रोत न सांगण्याची कायदेशीर मुभा भारतात पत्रकारांना नाही. दोन्ही न्यायालयं आपापल्या जागी खरं बोलली. एकानं राज्यघटनेचा आत्मा वाचला, दुसऱ्यानं कायद्याचं पुस्तक वाचलं. मधली रिकामी जागा संसदेची आहे.

सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये वापरलेल्या त्या शब्दांची वाटही पाहण्यासारखी आहे. १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम गुडविन नावाचा शिकाऊ पत्रकार ‘दि इंजिनिअर’ नावाच्या नियतकालिकात काम करत होता. एका कंपनीच्या पैशाच्या अडचणींची माहिती त्याला फोनवर कळली. खरं-खोटं पडताळायला त्यानं त्याच कंपनीला फोन केला. कंपनी न्यायालयात गेली आणि न्यायालयानं सांगितलं, सूत्राचं नाव दे. तो देईना. त्याला ५,००० पौंड दंड झाला. गडी हटला नाही. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. २७ मार्च १९९६ रोजी ११ विरुद्ध ७ मतांनी निकाल त्याच्या बाजूनं लागला, आणि सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट आहे, हे वाक्य त्या निकालात लिहिलं गेलं. पंचवीस वर्षांनी जवळपास त्याच शब्दांत ते दिल्लीत उमटलं. एका शिकाऊ पोरानं नाव सांगितलं नाही म्हणून!

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात त्याही आधी असंच घडलं. १८८६ मध्ये बाल्टिमोरच्या ‘सन’चा बातमीदार जॉन मॉरिस नाव सांगेना म्हणून तुरुंगात गेला आणि दहा वर्षांनी, १८९६ मध्ये, त्या राज्यानं सूत्रांना संरक्षण देणारा अमेरिकेतला पहिला कायदा केला. आपले आगरकर त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. आणि स्वीडननं तर आणखी पुढची मजल मारली. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा तिथं १७६६ पासून आहे. आज तिथं गुप्ततेचं वचन दिलेल्या सूत्राचं नाव पत्रकारानं स्वतःहून फोडलं, तर तोच गुन्हेगार ठरतो आणि त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. माहिती कोणी दिली याचा माग काढायलाही सरकारी खात्यांना बंदी आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून पुन्हा वाचलं होतं. आपण पत्रकाराला गप्प राहण्याचा हक्क मागतोय. तिथं गप्प राहणं हे त्याचं कर्तव्य आहे.

सरसकट सूट मात्र कोणीच देऊ नये, आणि शहाण्या कायद्यांनी ती दिलेलीही नाही. इंग्लंडच्या १९८१ च्या कायद्यात सूत्र झाकलेलं राहणं हा नियम आहे. न्यायदान, राष्ट्रीय सुरक्षा किंवा गुन्हा रोखणं यासाठी नाव खरोखर आवश्यक आहे असं न्यायालयाला पटवून दिलं, तरच अपवाद. पटवून देण्याचं ओझं नाव मागणाऱ्यावर. आपल्याकडे आज ते ओझं नाव झाकणाऱ्याच्या डोक्यावर आहे.

आता तर तोंडानं नाव विचारावंही लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदांबरोबर फोन आणि लॅपटॉपही मागवता येतात. तालुक्याच्या बातमीदाराच्या फोनमध्ये काय नसतं? कोणी कधी फोन केला, कोणी फोटो पाठवला, कोण कुठल्या टॉवरखाली होतं. एका प्रकरणासाठी नेलेल्या फोनमध्ये त्याच्या दहा वर्षांतली सगळी सूत्रं असतात. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही ही चिंता बोलून दाखवली आणि पत्रकारांची उपकरणं जप्त करण्याबाबत चांगली नियमावली हवी, असं केंद्र सरकारला सांगितलं. म्हणून तालुक्यातल्या मुरलेल्या बातमीदाराला महत्त्वाचं काही सांगायचं तर माणूस आजही फोन करत नाही. तो चहाच्या टपरीमागं उभा राहतो, किंवा बाजाराच्या दिवशी गर्दीत गाठतो.

विश्वासानं कळलेलं नाव न सांगणं म्हणजे काय, हे या मातीला कायद्याच्या पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. सांगली जिल्हा वेगळा झाला १९४९ मध्ये, दक्षिण सातारा या नावानं. त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. इथंच १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. येडेमच्छिंद्रचे नाना १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. गोऱ्या सरकारचे पोलीस गावं पालथी घालत होते. आज कुणाच्या वाड्यात, उद्या कुणाच्या मळ्यात, कुणाच्या ताटात जेवले, हे शेकडो घरांना ठाऊक होतं. घरांनी सांगितलं नाही. ते लढ्याचे दिवस होते आणि इंग्रजांचं राज्य होतं. आज राज्य आपलं आहे. म्हणूनच तर जे तेव्हा लोकांनी जिवाच्या करारावर केलं, ते आता कायद्यानं सोपं करायला हवं.

सूत्राचं संरक्षण ही पत्रकारांची सवलत आहे, असं समजून आपण वाचक या विषयाकडे पाठ फिरवतो. खरं तर ते संरक्षण हा आपला, वाचकांचा हक्क आहे. गोमुखात बोळा कोंबला तर सांगलीच्या घाटाला पाणी येणार नाही. आपल्या खासदाराला भेटलात, पत्र लिहिलंत, तर रस्त्याच्या आणि पाण्याच्या मागणीखाली आणखी एक मागणी लिहा: विधी आयोगानं १९८३ मध्ये सुचवलेलं ते एक वाक्य, योग्य अपवादांसह, साक्ष्य अधिनियमात घाला. पोलिसांच्या खबऱ्याला १८७२ पासून जे मिळतंय, ते वाचकांच्या खबऱ्यालाही मिळालं पाहिजे.